काडीवरच्या दोन खुणा

पहाटे साडेपाचला, इंजिन गार असताना,
मी बॉनेट उघडतो.
काडी ओढायची, फडक्यानं पुसायची,
परत घालायची, परत ओढायची.
वरची खूण, खालची खूण,
आणि मधल्या पेरभर जागेत माझी अख्खी सकाळ.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
कालव्याची पातळी सेंटिमीटरात लिहिली.
सवय जात नाही.
वहीत नोंद आहे : अमळनेर ते शिरपूर, परत,
धुळ्याला चार खेपा, चोपड्याचं लग्न,
हजार किलोमीटरला दोन कप तेल गेलं.
गेलं कुठं?
गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून पाहिला. कोरडा.
सायलेन्सरमागे उकिडवा बसलो, गल्लीतली पोरं हसली,
निळा धूर काही दिसला नाही.

चोपडा रोडवर इद्रिस पिंजारीचं गॅरेज.
त्यानं सगळं ऐकलं, वहीसुद्धा चाळली.
"आप्पा, लाख-सव्वा लाख चालेल गाडी शे ही.
इतलं ते पीच. पिऊ द्या.
घरनी शेवभाजीवरनी तर्री काढा,
तितलामा हिनं वरीस निंघी जाई."
मग पाना खाली ठेवून :
"कमी व्हयनं ते भरा.
न भरता वाढनं, ते मात्र पयत या."

घरी येताना मी तेवढं शेवटचंच घेऊन आलो.

मे महिना. बॉनेटवर हात ठेववत नव्हता.
पाच तारखेला काडी वरच्या खुणेशी.
बारा तारखेला वरच्या खुणेशी.
मध्ये लेकीला भुसावळला सोडून आलो,
तरी एकोणीसला तिथंच.
मी एक थेंब ओतला नव्हता.
पाणी शिरलं? गॅस्केट गेलं?
रात्री पंख्याखाली पडल्या पडल्या
मी इंजिन तीनदा उतरवलं.

इद्रिसनं झाकण काढलं, तेल चिमटीत चोळलं,
उन्हात धरलं.
"पानी नही शे. दूधना रंग नही."
आणि दुसऱ्या गाडीखाली सरकत,
"घरमा ईचारा."

कोकिळा कळण्याची भाकरी थापत होती.
"मीच. आठवड्याला पाव कप.
तुम्ही दुपारी घोरायला लागलात की."
कोणतं तेल?
माझा आवाज चिरकला.
तिनं परातीतून मान वर केली.
"जिनातल्या फिटरची पोर आहे मी.
डब्यावरचा नंबर वाचता येतो.
पहाटे तुम्ही काडीकडे बघता,
मी खिडकीतून तुमच्याकडे.
गाडी थोडंच जाळत होती."

भाकरी फुगली. तिनं ती उलटली नाही,
नुसती बघत राहिली; मग एका बाजूनं करपली.

आता महिन्यातून एकदाच बघायचं ठरलंय.
एक तारखेला काडी ओढली :
अर्ध्या पेरानं खाली.
कमी झालं होतं! इतकं हायसं वाटलं
की नरसाळं कुठं ठेवलंय म्हणून
तिलाच हाक मारली.