कोणतं नागपूर

आम्ही नऊ जण. रविवारी पहाटे पाचला
सेमिनरी हिल्सच्या फाटकाशी जमणारे,
लांजेवार सरांच्या शिट्टीवर चालू पडणारे.
मी सर्वांत मागे. माझं काम मोजणं.
कोणी बुटातला खडा काढायला थांबतं,
कोणी मोराच्या मागे जातं,
नवाचे आठ होतात, आणि मी ओरडते.

जानेवारीत हेच नऊ जण अंदमानात.
समुद्र बघायला नाही, चालायला,
सरांनी वर्षभर बजावलेलं.
पायवाट बेटाच्या पोटातून जाते.
उजेड वरतीच अडकतो, खाली नुसता दमट अंधार.
आमचा घाम नागपुरात सुकतो, पाठीवर मिठाची रेघ ठेवून.
तिथे सुकतच नाही.
उईके बाई वर बघत म्हणाल्या,
ही झाडं पानं टाकतात तरी कधी?

वाटाड्या सिलास केरकेट्टा.
रबरी चपला, हातात कोयता,
मागे न बघता सांगायचा, दीदी, मूळ आहे,
आणि मूळ असायचंच.

ओढ्यापाशी डबे उघडले. सांभारवडी फिरली.
त्यानं विचारलं, तुम्ही कुठले?
नागपूर, आम्ही म्हणालो, सगळे एकदम.
तो वडी हातात धरून तसाच राहिला.
मीपण, म्हणाला.

आजोबा त्याचे छोटा नागपूरचे.
जहाजातून आणलेले, जंगल तोडायला.
तोडून झालं की परत नेऊ, असं ठरलेलं.
जंगल संपलं नाही, की जहाजच आलं नाही,
त्याच्या घरात दोन्ही सांगतात.
गाव त्यानं पाहिलेलं नाही. बापानंही नाही.

लांजेवार सर चौतीस वर्षं भूगोल शिकवायचे.
सात-आठशे किलोमीटरची चूक
त्यांच्या डोळ्यांदेखत होत होती.
त्यांनी तोंड उघडलं,
आणि त्यात वडी घातली.

साल आहे का अजून तिकडे?
जरा अडलं. साग जास्त, डॉक्टर ठवरे पुटपुटले.
म्हणजे साल तोडला, सिलासच म्हणाला. तोडतातच.
नदी?
आहे, आम्ही म्हणालो,
आणि नाग नदीच्या वासाबद्दल नऊही तोंडं गप्प.
मोह?
आहे! उईके बाई. भरपूर आहे.
वास कसा असतो हो त्याचा?
गोड, त्या म्हणाल्या, आणि थोडा उंदरासारखा.
तो इतका हसला की ओढ्यातली खेकडी दगडाखाली गेली.
आजोबा अगदी हेच म्हणायचे म्हणे.

परतताना मी मोजलं. दहा.
पुन्हा मोजलं. दहाच.
वाटाड्याला मी कधी मोजत नाही.

आता मार्च संपतोय. दहाच्या आत डांबर मऊ होतं.
या रविवारी टेकडी नाही,
देवलापारला गेलो, उईके बाईंच्या भावाच्या बांधावर.
उजाडायच्या आधीच फुलं पडायला लागली होती,
टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप् टप्.
नऊ म्हातारी माणसं ओणवी.
सरांची कंबर धरली, तरी शिट्टी गळ्यातच.
त्यांना एकदा विचारलं मी,
त्या दिवशी सांगितलं का नाही तुम्ही?
म्हणाले, परीक्षेत नव्हतं ते.

फुलं गच्चीवर वाळवली. मनुकांसारखी झाली.
सून म्हणाली, आई, घरभर उंदीर मेल्यासारखं वाटतंय.
मी म्हटलं, बरोबर.

पोस्टात पार्सलवर आधी त्याचा पत्ता लिहिला.
मग पाठवणारा. माझं नाव, गल्ली, धरमपेठ,
आणि नागपूरच्या आधी पेन थांबलं.
दोन अक्षरं मावतील एवढी जागा आपोआप सुटली होती.

काउंटरवरचा पोट्टा मागच्या रांगेकडे बघत होता.
काकू, पिनकोड नीट लिहा, म्हणाला.
नुसत्या नावावर चालत नाही.