तीन बोटं

त्रेचाळीसचा पारा. दुपारी अ‍ॅप उघडलं की
फोनच म्हणतो, मी तापलोय, जरा थांबा.
मग त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या आडोशाला ठेवते.
ओट्यावरची माणसं हसतात:
"बहीन, हाऊ डॉक्टर तं आपलापेक्षा नाजूक शे."

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
याने लाखभर तोंडं पाहिलीत.
पाहिली असतील.
बोरीकाठची मिश्री मात्र पाहिली नव्हती.
पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या
निम्म्या म्हाताऱ्यांना लाल चौकट दिली,
लटकनबाई तीन रात्री झोपली नाही.
तेव्हापासून आधी चूळ भरायला लावते,
मग टॉर्च, गाल बोटाने बाजूला, मग फोटो.
यात ते शिकलं की मी, ठाऊक नाही.

आधार पाटील आला तो थट्टा करतच.
आधार नंबर विचारला,
"मीच आधार शे, नंबर कसाले?"
अमळनेरच्या बाजार समितीत तीस वर्षं बोली लावतो,
हरभरा तळहातावर उडवून ओल सांगतो,
आणि हाक अशी, की शेडबाहेरचे बैल कान टवकारत.

तोंड उघडा.
अजून.
"इतलंच उघडस."
मग तुमचीच तीन बोटं घाला, उभी.
दोन गेली.
तिसरं बाहेर राहिलं,
बोली तोडताना तो हवेत धरतो, तेच.

मला तेव्हाच कळलं होतं.
फोनला तीन सेकंद लागले.
डाव्या गालाच्या आत चौकट उमटली,
पोराने पाटीवर आखावी तशी नीट,
शेजारी एक आकडा.
तो मी अंगठ्याने झाकला.
लटकनबाईसारखं असेल, म्हणून पुन्हा चूळ, पुन्हा फोटो.
चौकट केसभर हलली नाही.

त्याचं काम तिथे संपलं.
माझे अकरा दिवस.

तो म्हणाला, आवक जोरात आहे.
त्याची बायको म्हणाली, पुतणीची सुपारी फुटू दे,
तोवर कुठे बोलू नका.
मग मी समितीत गेले, पोत्यांच्या थप्पीमागे उभी राहिले.
लिलाव चालू होता.
बावन्नशे... बावन्नशे... पुढचे शब्द गालातच विरत,
आणि व्यापारी त्याच्या बोटांकडे पाहून भाव उचलत होते.
कधीपासून?
कुणालाच विचारलं नाही.

सहाच्या एसटीने जळगावला निघालो.
धरणगावला तो खाली उतरला. वाटलं, गेला.
परत आला तो उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन,
एकात नळी.
"मशीनले काय समजस," म्हणाला.
बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत:
"पन ते थरथरनं नही.
तुना हात थरथरी ऱ्हायंता."

तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस.

अ‍ॅपमध्ये एकच रकाना आहे,
पाठपुरावा: हो की नाही.
हो दाबलं.
फोन गरम होता, पण चालू होता.
खाली चार ओळींची जागा असती तर लिहिलं असतं
की रसाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत,
आणि खिशातली पुडी त्याने
फेकली नाही,
फोडलीही नाही.