आवक-जावक

पर्वतीच्या टाकीवर तेहेतीस वर्षं
तात्यांनी चावी फिरवली.
पहाटे चारला सहकारनगर, साडेपाचला बिबवेवाडी,
कुणाला किती वेळ, सगळं तोंडपाठ.
गुरुवारी बंद. शुक्रवारी कमी दाबाने.

आता त्यांच्या डाव्या हातात सलाईन,
आणि नळीवरचं चाक सिस्टर जिन्सीच्या बोटांत.
"तासाला साठ," ती म्हणते.
तात्या थेंब बघत राहतात,
"दाब बरोबर आहे."

क्रिएटिनिन एक पॉइंट सात.
डॉक्टर गद्रे केसपेपरवर काढतात
घेवड्याच्या दोन बिया.
"हृदयाची नळी दिसावी म्हणून डाय सोडतो,
ती शेवटी या दोघांनाच उपसावी लागते.
आणि हे आधीच दमलेत."
म्हणून एकच नस उद्या,
दुसरी तीन आठवड्यांनी, तीही कमी डायमध्ये.
साखरेची एक गोळी थोडे दिवस बंद.
गुडघ्याची, ती तर कायमची.

रात्री त्यांचा सदरा घडी घालताना
खिशातली चंची उघडली.
कात, सुपारी, आणि मध्ये
गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी. दोन घरं रिकामी.
"कधी?"
तात्या खिडकीबाहेर, म्हात्रे पुलाच्या दिव्यांकडे.
"काल. आणि आज, जिना चढल्यावर."

लोकांचे चोरून लावलेले पंप
ज्यांनी आयुष्यभर पकडले,
त्यांच्याकडे मी तसंच बघितलं
जसं ते बघायचे.
मग सिस्टरला सांगितलं.
उद्याचं चार दिवस पुढे गेलं.
दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

झालं एकदाचं. मनगटातून, पाऊण तासात.
जुन्या पाणीपट्टीच्या पाठीवर मी लिहिते:
आवक तेराशे, जावक नऊशे.
ते चष्मा मागतात. बेरीज तपासतात.
"चारशेची गळती कुठंय?"
घामात, मी म्हणते. श्वासात. थोडं अजून आत.
"हं. आम्हालाही सगळी सापडायची नाही."

अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त.
एक पॉइंट आठ.
"चालेल," डॉक्टर म्हणतात.
"चालेल म्हणजे किती दिवस?" तात्या विचारतात,
आणि डॉक्टर पुढच्या तपासणीची तारीख लिहितात.

आज बुधवार. ते घरी फोन लावतात,
पिंप भरून ठेवा, उद्या बंद.
मग रिकामा पेला माझ्यापुढे धरतात,
जरा वाकडा, नजर दुसरीकडे:
"किती, ते तू सांग."