नळ वाजतो तेव्हा

सात आठवड्यांत नांदेडात एकोणीस घरं पाहिली.
विसावं मोजलं नाही,
तिथं जिन्यातूनच परत फिरले.

सुट्टी मंगळवारची. पालवीला शेजारी ठेवायचं,
तोंडाला ओढणी बांधायची
आणि एजंट शेषेरावच्या स्कूटीमागं बसायचं.
"ताई, नोकरी पक्की, लेकरू एकच,
घर तर असं मिळून जाईल!"
तो चुटकी वाजवायचा.
चुटकी छान वाजायची.

साडेपाच हजार ही माझी उडी.
तेवढ्यात बसलं ते नाल्याकाठचं,
तिथं कडी होती, कडीला दार नव्हतं.

बाकी ठिकाणी भाडं बसायचं, मीच बसत नव्हते.
मिस्टर काय करतात?
अकराला येता? रोज?
आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही हो.
एकीनं पाणी दिलं, पोह्यांचं विचारलं,
मग आडनाव.
आत कुकरची शिट्टी झाली
आणि ती उठली ती उठलीच.
मुलगा बाहेर आला, भिंतीकडं बघत म्हणाला,
"खोली मामासाठी ठेवली आहे."
फाटकावरची पाटी मात्र
कुणाच्याच मामासाठी उतरवलेली नव्हती.

शेषेराव म्हणाला, "तुमच्या लोकांची वस्ती आहे की पलीकडं,
तिथं कुणी काही विचारणार नाही."
खरंय.
तिथं माझा सख्खा मामा राहतो.
तिथं विचारत नाहीत, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं,
मी नवरा का सोडला त्यासकट.

मला एवढंच हवं होतं की
वॉर्डातून घरी येताना
किल्ली बोटांच्या फटीत धरून चालावं लागू नये.
वॉचमन नको, गेट नको.
एक दिवा, आणि कुणीतरी जागं.

मग ती गल्ली. शेषेराव तोंडाशीच थांबला.
"मिक्स एरिया आहे. मागून म्हणू नका, सांगितलं नाही."
कोपऱ्यावर बेकरी, भट्टी रात्री दोनला पेटते,
मोहसीन उघड्या दारात मैदा तिंबतो.
समोर ट्रॅक्टरचे पार्ट विकणारे सरदारजी,
तीनला अंघोळ करून गुरुद्वाऱ्याला निघतात
खोकत, म्हणजे गल्लीला घड्याळ नको.
वरच्या खोल्यांत परभणीची पोरं,
परीक्षेपुरती जागी.

मालकीण राजव्वा गड्डम.
गिरणीत बत्तीस वर्षं. साच्यांनी दोन्ही कान नेले,
मग गिरणी बंद पडली,
कान काही परत मिळाले नाहीत.
तिनं नवरा विचारला नाही, ताटातलं विचारलं नाही.
ओरडूनच बोलली:
"नळ चौथ्या रोजी येतो. रात्री. कधी एक, कधी तीन.
पाण्याआधी नळात हवा वाजते. मला येत नाही ऐकू.
मागच्या महिन्यात दोनदा हुकलं.
तू जागी असतीस का?"

मी तिच्या कानाशी ओरडले, गल्लीला ऐकू जाईल असं:
"अकराला येते! झोप उशिरा लागते!
सलाईन संपलं तरी मला डुलकीत कळतं!"
"मग पाच हजार. मोटर तू लावायची."

स्टँपपेपरवर आडनाव आलंच.
दोऱ्यानं बांधलेला चष्मा, अक्षरावर बोट,
तेलुगू जिभेनं एकेक सुटं करत वाचलं.
थांबली.
"टाकीचं झाकण सिमेंटचं हाय," ती म्हणाली,
"तुला एकटीला उचलंल का?"

तिला कळलं नाही,
का कळलं म्हणूनच झाकणाचं काढलं,
मी अजून ठरवलेलं नाही.
कागद अकरा महिन्यांचा.
बाराव्याचं कुणीच बोललं नाही.

आज चौथी रात्र.
पालवीचा पाय माझ्या पोटावर.
खालून पावाचा वास चढत आलाय.
नळानं घसा खाकरला.

उठते. राजव्वाचं दार वाजवून उपयोग नाही.
खिडकीतून टॉर्च मारते तिच्या डोळ्यांवर,
ठरल्याप्रमाणे, तीनदा.