चार डेसिबल

बिंदू चौकातून खाली उतरताना
डाव्या हाताला जे दुकान उघडं असून बंद वाटतं
ते माझं. दस्तगीर शिकलगार, बंदूक दुरुस्ती.
लायसनवाले आता थोडे. बारा बोअरचे घोडे अडतात,
निवडणूक लागली की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा,
आणि मी काउंटरवर फडकं मारत बसतो.

काल इंगवल्यांचा ऋतुराज आला, टेक्सासहून.
आजोबाच्या दुनळीला तेल द्यायचं होतं म्हणे.
खरं काम खिशात होतं. फोन काढला,
"चाचा, जरा बघा. सायलेन्सर. रायफलचा.
तिकडं कागद भरला की मिळतो."
मी म्हटलं, हितं सायलेन्सर म्हणजे बुलेटचा.
परवाच पोलिसांनी शंभरभर रोलरखाली घातले,
मिशा फुटलेली पोरं रस्त्याकडंला रडत होती.
तो हसला असावा. दात दिसले.

दोन डबे होते. एक चारशेचा, एक अकराशेचा. डॉलर.
"वरचे सातशे कशाचे, ते सांगा."

त्यानं मधोमध चिरलेल्या डब्याचा फोटो मोठा केला.
आत पडदे, फुलपात्रात फुलपात्र कलंडल्यासारखे,
आणि सगळ्यांच्या तळातनं एकच भोक, आरपार.
माझ्या थोरल्या भावाची हयात लेथवर गेली, उद्यमनगरात.
असली सरळ रेघ बघितली की तो टोपी काढायचा.
स्वस्तातला पण वाईट नव्हता.
जाड, ओझ्याचा, जोडाची शिवण जरा घाईची.
महागातला टायटॅनियमचा, शिवण सापडेना.
"वजन निम्मं," ऋतुराज म्हणाला,
"आणि आवाज चार डेसिबल कमी."

चार.

मी म्हटलं, गोळी तर आवाजाच्या पुढं पळते बाबा,
तिचा हवेतला चाबूक कुठल्या डब्यात भरणार?
त्यावर तो बरंच काही बोलला.
मला अर्धं कळलं.

पंचेचाळीस वर्षं, कळंब्यापल्याडच्या खाणीत,
दुरुस्त केलेली प्रत्येक नळी मी स्वतः उडवून बघितली.
अब्बा म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या हातात फुटण्यापेक्षा
आपल्या हातात फुटू दे.
कानात कापूस घालायचो, चार आण्याचा.
घाई असली की तोही नाही.
आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी.
शाहू मिलचा भोंगा एक दिवस वाजला नाही
तेव्हा वाटलं, झालं, कान संपला.
शेजारच्या तांबटाला विचारलं.
त्यानं हातोडी खाली ठेवून ओरडून सांगितलं, मिल बंद पडली.
इतका आनंद झाला मला.
मग मान खाली घातली. दारात मिलचेच दोन कामगार उभे होते.

"उडवतोस कशावर?"
"कागदावर. रविवारी."
"कागदाला कान नसतो. शेजारी कोण असतं?"
त्यानं बोट सरकवलं. पाच वर्षांची पोर,
डोक्यापेक्षा मोठे गुलाबी इअरमफ, पुढचे दोन दात पडलेले.

हिशेब मला येत नाही असं नाही.
चारशेतला डबा नव्वद टक्के काम करतो,
हे कुठलाही मिस्त्री शपथेवर सांगेल.
उरलेल्या दहासाठी सातशे म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा.
तसंच सांगणार होतो. जीभ तयार होती.

तेवढ्यात आतनं जैबुन्निसा काहीतरी म्हणाली.
पडदा हलला म्हणून कळलं.
चहा म्हणाली असेल, किंवा गोळी घ्या,
किंवा नुसतं माझं नाव.
ह्या तिघांतला फरक
चार डेसिबलपेक्षा जास्त नसावा.

"महागाचा घे," मी म्हटलं, बहुतेक फार मोठ्यानं.
समोरचा भेळवाला वळून बघायला लागला.

दुनळीचे तीनशे झाले. त्यानं पाचशेची नोट ठेवली.
सुटे नाहीत म्हटलं, तर काही बोलला आणि गेला.
राहू दे म्हणाला की नंतर येतो म्हणाला,
दोनशे रुपये गल्ल्यात वेगळे ठेवलेत.