कान काढून ठेवणं

रविवारी तार्तूत बर्फ पडत नव्हतं,
नुसतं पडायच्या बेतात होतं.
उर्वेचं रक्त मी नळीतल्या द्रवावर ओतत होते,
कडेकडेनं, दोघं एकमेकांत मिसळणार नाहीत असं.
यंत्रात फिरून आल्यावर मधोमध उमटलं
ते धुरकट कडं: लसीकापेशी.
पातळ साय दुधाला न दुखवता उचलावी
तशी पिपेटनं उचलून घेतली.

उर्वे हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी मोजते.
दर महिन्याला मला रक्त देते वीस मिलिलिटर,
बदल्यात वेलदोड्याचा पाव, तोही अर्धा खाऊन
उरलेला रुमालात.

सायटोकाईन म्हणजे गं काय? तिनं एकदा विचारलं होतं.
निरोप, म्हटलं. पत्ता नसलेला.
ज्याच्या अंगावर कान असेल त्यानं ऐकायचा.
अंगावर कान!
ती इतकी हसली की सुई हलली.

मग नीट सांगितलं. पेशीच्या दारावर पाट्या असतात,
काही ओळखीच्या, काही ऐकण्याच्या,
आणि निरोप आला की पाट्या बदलतात.
इंटरल्यूकिन-चार कुजबुजलं की बी-पेशी
तेवीस नंबरची पाटी बाहेर टांगते;
तेवढ्यात गॅमा इंटरफेरॉन आलं तर
टांगता टांगता तिचा हात अडतो.
माणसासारखं पोटात एक, ओठात एक
यांना फार वेळ जमत नाही.
त्यावर तर माझा पगार चालतो.

सहा नळ्या. तिघींत नुसतं पोषणद्रव,
तिघींत इंटरल्यूकिन-सात, इतकंसं
की सांडलं असतं तर टेबलालाही कळलं नसतं.
चोवीस तास सदतीस अंशांच्या उबेत.

सोमवारी पेशी एकेकट्या, रांगेनं
लेझरपुढून गेल्या. पडद्यावर टेकड्या उठल्या.
ज्यांना काहीच मिळालं नव्हतं
त्यांची टेकडी उजवीकडे, उंच, कान टवकारून.
ज्यांना निरोप पोचला त्यांची डावीकडे घसरलेली.
ऐकून झालं,
आणि त्यांनी कान काढून ठेवले.

सहावी नळी मात्र जागची हलली नाही.
बहुधा मीच थेंब टाकायला विसरले.

असं का, याचा एक तर्क आहे:
निरोप थोडा, ऐकणारे फार,
मिळालं त्यानं बाजूला व्हावं.
तर्कच. पेशीला कुणाची कणव येते
असं काही मी वहीत लिहिणार नाही.

पुढच्या महिन्यात उर्वेला सांगितलं.
ती हसली नाही. म्हणाली,
नवरा मुर्मान्स्कला बोटीवर होता तेव्हा
पोस्टात फोन लावून बसायचे मी. तीन तास.
चार नंबरची केबिन. मागे एक पोर,
मफलर दातांत धरून उभी,
तिच्या मागे म्हातारा, त्याच्याही मागे कोण कोण.
त्याचा आवाज आला, जिवंत आहे एवढं कळलं,
की ठेवायचे मी. पैसे शिल्लक असायचे तरी.

त्याला राग नाही यायचा?

यायचा की. अजून येतो.
परवाच म्हणाला, आता मागे रांग नाही, उर्वे,
तरी तू फोन फार लवकर ठेवतेस.

तिनं बाही खाली ओढली.
पाव या वेळी पुरा खाल्ला.