चौदा तारीख

कोरियात म्हणे दर महिन्याच्या चौदाला
कुणी ना कुणी कुणाला काही ना काही देतं.
हे आर्वीच्या कॉलेजात नाही कळलं मला.
कळलं रात्री साडेअकराला, गोधडीत,
आवाज बारीक करून,
हिंदीत बोलणाऱ्या त्या गोऱ्या पोरांकडून.

फेब्रुवारीत पोरीनं द्यायचं.
मार्चात पोरानं फेडायचं, पांढरं काहीतरी.
ज्यांना दोन्ही खेपेला काहीच आलं नाही
त्यांनी एप्रिलात एकट्यानं बसून
काळ्या रश्श्यातल्या शेवया खायच्या.
नोव्हेंबरात आणखी एक दिवस, चॉकलेट लावलेल्या काड्यांचा.
(काड्याच द्यायच्या तर आमच्या धुऱ्यावर
पऱ्हाटीचा ढीग पडलाय. पण असो.)

मी झेरॉक्सच्या दुकानात बसते.
समोर दूध डेअरी. तिथं तडसांचा तुकेश
दोन्ही वेळा फॅट मोजतो,
थेंब पाहताना एक डोळा मिटतो.
तो मिटलेला डोळा कोणत्या बाजूचा
हे मला डिसेंबरपासून पाठ आहे.

फेब्रुवारीच्या चौदाला मी
दहाचं चॉकलेट वाया गेलेल्या सातबाऱ्यात गुंडाळून दिलं.
"हे कायचं?"
"कोरियाचं."
"कोरियात सातबारा असते काय?"
मग मी सगळं समजावलं, एका दमात,
फॉर्म भरायला आलेल्या म्हाताऱ्याला समजावते तसं.
"म्हंजे पुढच्या चौदाले मी पांढरं द्या लागते?
मी तं रोजच पांढरं मोजतो वं,
अजून काय देऊ तुले?"

यंदा धुळवड नेमकी चौदालाच आली.
तो आला तेव्हा तोंड हिरवं, कान जांभळे,
आणि हातात साखरेची गाठी,
लेकरांच्या गळ्यात घालतात ती.
"पांढरं हेच भेटलं," म्हणाला, आणि पळाला.
एकोणीस पदकं होती. मी रोज रात्री एक खाल्लं.
दोनेक दिवस चुकवले, पुरावं म्हणून.
शेवटी नुसता दोरा उरला. तो पण
चाखून पाहिला, खोटं कशाला बोलू.

एप्रिलची चौदा कोरियात काळी.
आमच्या वेटाळात ती निळी.
पहाटेपासून निळी पताका, निळा गुलाल,
नवी पांढरी साडी नेसून आई, मावशी, विहारात जाणाऱ्या साऱ्या जणी,
आणि रात्री भोजनदान.
एकट्यानं जेवायचा तर हा दिवसच नाही.
ज्याचं कुणी नाही तोही पंगतीत कुणाच्या तरी
मांडीला मांडी लावून बसतो.
हे त्या मालिकेवाल्यांना कुणी सांगितलं नसेल.

तुकेशच्या घरचं कुणी
आमच्याकडे जेवलेलं मी पाहिलं नव्हतं.
दूध जातं आमचं त्यांच्या कॅनमध्ये,
एकात एक मिसळतं, फॅट ठरतो,
दुधाला कुणी काही विचारत नाही.
मी त्याला ये म्हटलं नव्हतं.
ये म्हणायची ही गोष्ट नव्हती.

तिसरी पंगत. मी वांग्याची भाजी वाढत होते,
बादली जड, डोक्यात डीजे वाजतोय,
आणि कोपऱ्यावर दुधाची गाडी थांबली.
उतरला. उभा राहिला.
चपला काढाव्या की नाही इथपासून त्याला प्रश्न.
दोन-चार माना वळल्या, आमच्यातल्याच.
कुणीतरी म्हणालं, "हा तडसाचा नं?"
आणि मग काही क्षण नुसता डीजे.

बंडू काका जेवत होते. तोंडातला घास तसाच,
वर न बघता ते डावीकडे सरकले.
सतरंजीवर एवढीशी जागा झाली,
दुधाच्या कॅनीच्या बुडाएवढी.
तो त्यात बसला.

मी पत्रावळीवर वाढलं.
"हे काळं काय होय?"
"वांगं होय."
"शेवया नाहीत?"
"नाही."
एक डोळा मिटून त्यानं रस्सा पाहिला,
जणू फॅट सांगणार आहे आता.
मग खाल्ला. मागून घेतला दुसऱ्यांदा.

मे महिन्यात गुलाबाचा दिवस असतो म्हणे.
चौदा मेच्या उन्हात, आमच्या गावात, गुलाब.
पाहू.